भिकाजीची चाळीस बटणं

गावाचं नाव कशाला हवंय? लाकडी खेळण्यांचं गाव म्हटलं की पंचक्रोशीतलं कुणीही रस्ता दाखवायचं. त्या गावात लाकूड कातणाऱ्यांची कातारी आळी होती, आणि त्या आळीत भिकाजी नावाचा एक कारागीर होता. लेथवर लाकूड फिरू लागलं की त्याचा हात असा चाले, की बघणाऱ्याने जेवायचं विसरावं. त्याने केलेल्या लाकडी आंब्यावर म्हणे एकदा मुंगळे चढले होते. मी काही पाहिले नाहीत, पण आळीतली माणसं शपथेवर सांगतात.

या आळीचे दोन नियम होते, आजोबा-पणजोबांपासून चालत आलेले. पहिला नियम लाखेचा. लाखेचा हात फिरून वर केवड्याच्या पानाने चकाकी आल्याशिवाय वस्तू पुरी झाली म्हणायचं नाही. आणि लाख जशी पुढून, तशी मागूनही लावायची, कुणी उलटून बघो न बघो. दुसरा नियम उष्ट्याचा. आपण केलेल्या खेळण्याशी आपण खेळायचं नाही. भोवरा फिरवून बघायचा नाही, गाडी ओढून बघायची नाही. कारागीर ज्याच्याशी खेळला ते खेळणं उष्टं झालं, आणि उष्टं खेळणं दुसऱ्याच्या लेकराच्या हातात कसं द्यायचं?

ऐकायला किती छान. आता त्यातले काही भोवरे फिरायचेच नाहीत, ही गोष्ट वेगळी. पोर रडत परत आलं की आळीतले लोक म्हणायचे, "तुला फिरवता येत नाही." पोर बिचारं पुन्हा दोरी गुंडाळत बसायचं.

त्याच गावात प्रधानबाई राहायच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. चाळीस वर्षांपूर्वी शाळेत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा बाकीचे मास्तर शॉक बसेल म्हणून त्याला लांबूनच नमस्कार करायचे. बाईंनी मात्र पुस्तक उघडलं आणि रोज शाळा सुटल्यावर तासभर बसून तो शिकून घेतला. डबा केवढा, तर जेवणाच्या ताटात मावेल एवढा. त्यावर चाळीस बटणं, आणि टीव्हीला जोडायचा. गंमत म्हणजे त्याच्या एकेका बटणात एक अख्खा हुकूम असायचा. हे दाबलं की रेघ काढ, ते दाबलं की पुन्हा कर. बाईंनी त्यावर एक भोवरा केला. लाल भोवरा, त्यावर पिवळे पट्टे. तो टीव्हीवर गरगर फिरायचा, मग डुलायचा, मग आडवा पडायचा. सगळी शाळा तो बघायला लोटली होती. पुढे कॉम्प्युटर बंद पडला आणि शाळेने भंगारात दिला. बाईंच्या बोटांत मात्र तो भोवरा राहिला.

आता बाईंचे डोळे जात होते. काचबिंदू. डॉक्टर श्रावणात म्हणाले, "दिवाळीपर्यंत काय बघायचं ते बघून घ्या." बाईंनी काशी-रामेश्वर मागितलं नाही. त्यांना आपला भोवरा एकदा फिरताना बघायचा होता. हसू नका. माणसाला शेवटचं काय बघावंसं वाटेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

बाईंची एक जुनी विद्यार्थिनी, नंदिनी, पुण्यात इंजिनिअर होती. तिच्या कानावर हे गेलं. जुन्या कॉम्प्युटरांची हौस असलेली माणसं असतात, ती त्यांच्या चिमुकल्या प्रतिकृती बनवतात. तसली एक घेऊन नंदिनी गावी आली. हुबेहूब तोच कॉम्प्युटर, पण साबणाच्या वडीएवढा. टीव्हीला जोडला की जुन्यासारखाच चालायचा. फक्त त्याची बटणं खोटी होती, नुसती उठवलेली, शोभेची. नंदिनीने त्याला दुकानातला कीबोर्ड जोडून दिला. पण त्यावर शंभर बटणं, आणि एकही ओळखीच्या जागी नाही. अक्षरं बाईंच्या डोळ्यांना दिसेनात आणि जागा बोटांना सापडेना. परक्या स्वयंपाकघरात मीठ शोधावं तशी त्यांची बोटं चाचपडत राहिली.

"मला माझी चाळीस बटणं हवीत गं," बाई म्हणाल्या. "ती असली तर डोळे मिटूनसुद्धा लिहीन."

म्हणून दोघी भिकाजीकडे आल्या. बाईंना दारात बघून भिकाजी ताडकन उठला. तो त्यांचाच विद्यार्थी, सातवीत शाळा सुटलेला. दोघींनी त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरांचं 'दिवाळीपर्यंत'सुद्धा. असली वस्तू त्याने आजवर केली नव्हती, पण बाई स्वतः चालत आल्या म्हटल्यावर नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? त्याने एवढंच विचारलं, "माप कुठाय, बाई?"

माप कुठलं असणार? जुना डबा कधीच भंगारात गेलेला. तेवढ्यात बाईंना वास आला ताज्या कणकेचा. भिकाजीची बायको द्वारका आत कणीक मळत होती. बाईंनी तिच्याकडून परात मागून घेतली आणि कणीक सपाट थापली. मग डोळे मिटले आणि एकेक बोट तिच्यात रुतवत गेल्या. चार ओळी, ओळीत दहा. चाळीस खळगे पडले. कुठे थांबणं नाही, कुठे चाचपडणं नाही. भिकाजी मान पुढे काढून बघत राहिला. असं माप त्याने जन्मात घेतलं नव्हतं.

त्या खळग्यांवरून त्याने कागदावर नकाशा उतरवला. त्याबरहुकूम नंदिनीने पुण्याहून एक पाटी करून पाठवली. पाटीवर प्रत्येक बटणाच्या जागी तांब्याच्या दोन रेघा होत्या, शेजारी शेजारी, पण एकमेकींना न भेटणाऱ्या. भिकाजीने करायचं ते एवढंच. चाळीस लाकडी बटणं, प्रत्येकाच्या बुडाशी तांब्याचा एक तुकडा, आणि बटण परत वर उचलायला स्प्रिंग. बटण दाबलं की तुकडा दोन्ही रेघांना टेकणार, वीज इकडून तिकडे जाणार आणि कॉम्प्युटरला हुकूम पोचणार. सोबत चिठ्ठी होती. तिच्यात शेवटी लिहिलं होतं, 'काका, बाईंकडे गेल्यावर जोडून प्रत्येक बटण दाबून बघा, आणि मगच त्यांच्या हाती द्या.'

भिकाजीने चिठ्ठी वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. पोरगी हुशार आहे, तो मनात म्हणाला, पण आळीतली नाही.

दीड महिना त्याने दुसरं काम हातात घेतलं नाही. चिकूच्या बीएवढी चाळीस बटणं कातली, सगळी एका मापाची. प्रत्येकाचा माथा बोट बसेल इतपत खोलगट. भोवती शिसवी चौकट. तांब्याचे तुकडे बसवले आणि मग रिवाजाप्रमाणे सगळ्यावर लाख फिरवली, पुढून आणि मागूनही. बुडाशी, तांब्यावरसुद्धा, पातळ बिनरंगी लाखेचा हात दिला आणि केवड्याच्या पानाने घासला. तांबं असं लखलखलं की त्याला स्वतःलाच भरून आलं.

तुमच्यापैकी ज्यांना विजेतलं थोडंफार कळतं, त्यांनी इथे कपाळाला हात लावला असेल. लाखेतून वीज जात नाही. पण हे भिकाजीला कोण सांगणार? एक बटण दाबून पाहिलं असतं, तर त्या बटणानेच सांगितलं असतं.

घटस्थापनेच्या दिवशी कीबोर्ड बाईंच्या घरी पोचला. भिकाजीने तो त्या चिमुकल्या कॉम्प्युटरला जोडला, वर स्वच्छ रुमाल झाकला आणि मागे सरकला. "पहिला हात तुमचा, बाई," तो म्हणाला. "मी एकसुद्धा बटण दाबलेलं नाही." आणि गिऱ्हाईक खेळत असताना उभं राहून बघणंही आळीत बरं दिसत नाही, म्हणून तो निघून गेला.

बाईंनी बोटं ठेवली. चाळीसच्या चाळीस जागच्या जागी. त्यांना आपल्या वर्गात परत आल्यासारखं वाटलं. मग पहिलं बटण दाबलं. टीव्हीवर एक पांढरा चौकोन लुकलुकत होता, तो लुकलुकतच राहिला. दुसरं दाबलं, तिसरं दाबलं, सगळी दाबली. चौकोन आपला तिथेच.

आता बाईंनी काय करायला हवं होतं? सरळ बोलावून सांगायचं, बाबा रे, चालत नाही. पण बाईंच्या मनात एक काटा चाळीस वर्षं रुतलेला होता. सातवीत भिकाजीचं एक गणित चुकलं होतं आणि त्यांनी त्याची वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली होती. वर्ग खदखदून हसला. पुढच्या आठवड्यापासून भिकाजी शाळेत आलाच नाही. आपल्यामुळे त्या पोराची शाळा सुटली, असं बाई तेव्हापासून धरून बसल्या होत्या. त्याच माणसाला पुन्हा 'तुझं चुकलं' म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

संध्याकाळी भिकाजीने फाटकातून विचारलं, "चालतंय ना, बाई?"

"छान चालतंय," बाई म्हणाल्या. नंदिनीचा फोन आला, तिलाही तेच सांगितलं.

झालं. भिकाजीचे पाय जमिनीला लागेनात. दसऱ्याला गावच्या वाचनालयाने शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला. तिथे तो चार लोकांत म्हणाला, की शिकलेली माणसं दाबून बघ, दाबून बघ म्हणत होती, पण मी काही उष्टं केलं नाही. टाळ्या पडल्या. इकडे बाईंच्या डोळ्यांपुढचा उजेड रोज तसूतसूने कमी होत होता. घट बसले तेव्हा त्यांना टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या बाईचं कुंकू दिसत होतं. कोजागिरीला ती बाई नुसती हलताना दिसू लागली.

वसुबारसेच्या दिवशी सकाळी द्वारका बाईंकडे चकल्यांचा डबा घेऊन गेली. दार उघडंच होतं. बाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात परातीत थापलेली कणीक, आणि दोन्ही हातांची बोटं त्या कणकेवर झरझर चाललेली.

"बाई, हे काय?"

बाई दचकल्या. "भोवरा विसरायला नको म्हणून गं," त्या म्हणाल्या. "रोज एकदा लिहून काढते."

"मग बाहेर तो कीबोर्ड कशाला आहे?"

बाईंनी परात मागे सरकवली. द्वारका बाहेरच्या खोलीत गेली. कीबोर्ड टीव्हीपाशी होता, पुन्हा रुमालाने झाकलेला. तिने बाईंकडून कॉम्प्युटर सुरू करवून घेतला आणि एकेक बटण दाबलं. ती कारागीर नव्हती, तिला कसली आलीय आडकाठी? पांढरा चौकोन जागचा हलला नाही.

"त्याला सांगू नकोस," बाई मागून म्हणाल्या. "मनाला लावून घेईल. एकदा मी त्याला दुखवलंय."

द्वारकाने चकल्यांचा डबा तिथेच ठेवला. घरी आली आणि स्वयंपाकाला लागली.

दुपारी भिकाजी जेवायला बसला. पहिला घास घेतला आणि त्याने तोंड वाकडं केलं. "आमटी अळणी झालीय."

"असेल," द्वारका म्हणाली. "चाखली नाही मी."

"का बरं?"

"उष्टी झाली असती. तुमच्या पानात उष्टं कसं वाढू?"

भिकाजीला हसू आलं. द्वारका हसली नाही. "देवाचा नैवेद्य मी कधी चाखत नाही," ती म्हणाली. "देवाला अळणी चालतं. माणसाला चालत नाही, बघितलंत ना आत्ताच? बाईंच्या त्या कीबोर्डाचं एकही बटण चालत नाही. महिना होत आला. बाई कणकेवर बोटं आपटत बसल्यात."

भिकाजीचा हात पानातच राहिला. आधी त्याला राग आला, बाईंचा, की त्या खोटं का बोलल्या. मग वाचनालयातल्या टाळ्या आठवल्या आणि लाजेने कान तापले. आणि मग डॉक्टरांचं ते 'दिवाळीपर्यंत' आठवलं. तो तसाच उठला. हात कसेबसे धुतले आणि हत्यारांची पिशवी घेऊन बाईंच्या घरी गेला.

तिथे कीबोर्डापुढे बसला खरा, पण बोट खाली जाईना. चार पिढ्यांत कुणी आपल्या खेळण्याला असा हात लावला नव्हता. वडील वरून बघत असतील असं वाटून त्याने एकदा छताकडेही पाहिलं. छतावर पाल होती. मग त्याने बोट दाबलं. चौकोन हलला नाही. त्याने ते बटण उपसून काढलं, उलटं केलं, पाहिलं. खालच्या तांब्यावर त्याचीच लाख आरशासारखी चमकत होती. त्याने तेवढ्या तांब्यावरची लाख चाकूने खरवडली आणि बटण परत बसवून दाबलं. टीव्हीवर एक अख्खा शब्द उमटला.

भिकाजीला रडू आलं, ते त्याने लपवलंही नाही.

पुढचे दोन दिवस तो बाईंच्या घरीच होता. जी चकाकी आणायला आठ दिवस लागले होते, ती चाळीस बटणांच्या बुडावरून खरवडून काढली. आणि प्रत्येक बटण दाबून पाहिलं. एकदा नाही, शंभर शंभर वेळा. तेव्हा कळलं की तेरावं बटण मध्येच अडकतं आणि एकतिसावं एकदा दाबलं की दोनदा उमटतं. लाख नसती तरी ही दोन नीट चालली नसती. असलं काही त्याला आजवरच्या कुठल्याच खेळण्याबद्दल कधी कळलं नव्हतं. कळणार कसं?

नरकचतुर्दशीची सकाळ. गाव अभ्यंगस्नान करून फराळाला बसलं होतं. बाईंनी खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात, अगदी नाक लागेल इतकी जवळ ओढली. डोळे मिटले. त्यांची बोटं चाळीस बटणांवरून धावू लागली आणि टीव्हीवर ओळीमागून ओळ उमटत गेली. भिकाजी आणि द्वारका मागे उभे होते. शेवटचं बटण दाबून बाईंनी डोळे उघडले.

भोवरा फिरू लागला.

"लाल दिसतंय," बाई हळूच म्हणाल्या. "फिरतंय रे. खरंच फिरतंय." थोडा वेळ त्या तशाच पुढे वाकून होत्या. मग म्हणाल्या, "पट्टे नाही दिसत मला. आहेत का?"

"आहेत, बाई. पिवळे. तीन."

"तीनच घातले होते."

भोवरा डुलला आणि आडवा पडला. लाल रंग थांबला तेव्हा बाईंना ते कळलं. त्या लहान मुलीसारख्या हसल्या आणि बोटाने न चुकता 'पुन्हा कर'चं बटण शोधलं. असा तो भोवरा त्यांनी सात वेळा फिरवला.

सातव्यांदा तो पडला तेव्हा भिकाजी म्हणाला, "बाई, महिन्यापूर्वी तुम्हाला पट्टेही दिसले असते. मी एक बटण दाबून बघितलं असतं तर."

"आणि मी तोंड उघडलं असतं तर," बाई म्हणाल्या. मग त्यांनी त्या वहीचं, त्या गणिताचं आणि चाळीस वर्षांच्या काट्याचं सगळं सांगून टाकलं.

"बाई, त्या गणितामुळे नाही सुटली माझी शाळा," भिकाजी म्हणाला. "त्याच आठवड्यात वडिलांचा हात लेथमध्ये गेला. लेथवर बसायला घरात दुसरं कुणी नव्हतं. ते गणित तर मी त्याच संध्याकाळी पुन्हा सोडवलं होतं. बरोबर आलं होतं."

"विचारायला हवं होतं मी," बाई म्हणाल्या.

दिवाळीनंतर बाईंना दिसेनासं झालं. कीबोर्ड अजून टीव्हीपाशी आहे. रोज त्या भोवरा फिरवतात आणि घरात जो कुणी असेल त्याला विचारतात, "पट्टे किती?" तीन म्हटलं की त्यांचं समाधान होतं.

आणि भिकाजी? त्याच दिवाळीच्या पाडव्याला त्याने एक नवा कोरा भोवरा घेतला, दोरी गुंडाळली आणि भर आळीत सगळ्यांसमोर फिरवला. म्हातारे कातारी चिडले. "अरे, उष्टा केलास!" भिकाजी शांतपणे म्हणाला, "केला. आता तो कुणाच्याही लेकराला द्यायला मी मोकळा." तेव्हापासून त्याच्या दुकानातून एकही भोवरा न फिरवता गेला नाही. आज दूरदूरची माणसं त्या आळीत येतात, भोवरा हातात घेतात आणि आधी विचारतात, "उष्टा आहे ना? मग द्या."

तात्पर्य: माणसाच्या हाती द्यायचं ते आधी आपल्या हाताने वापरून पाहावं, आणि कुणाचं चुकलं असेल तर मायेपोटी झाकू नये, वेळेत सांगावं. उशिराने दुरुस्ती होते, पण तोवर भोवऱ्यावरचे पट्टे दिसेनासे झालेले असतात.